अवयव-प्रतिरोपणोत्तर थकवा व दैनंदिन जीवन

अवयव-प्रतिरोपणोत्तर थकवा व दैनंदिन जीवन : निकामी झालेल्या अवयवाच्या जागी किंवा त्याच्या जोडीला दुसऱ्या व्यक्तीचा निरोगी अवयव बसविण्याच्या शस्त्रक्रियेस प्रतिरोपण म्हणतात. हृदय व यकृत यांच्या बाबतीत जुना अवयव सामान्यतः काढून टाकला जातो. मूत्रपिंडाच्या बाबतीत जुनी मूत्रपिंडे बहुधा जागीच ठेवून नवे मूत्रपिंड ओटीपोटाच्या एका बाजूस बसवितात. प्रतिरोपणाचा इतिहास साधारणपणे शस्त्रक्रियाविशारदांच्या कौशल्याचा आणि औषधांच्या शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. रुग्ण किती दिवस जगला, हा त्यातील प्रमुख आकडा असतो. ते दिवस त्याने कसे काढले, जिना चढताना तो मध्येच थांबत होता काय, कामावरून परतल्यावर घरच्यांशी बोलण्याइतके त्राण त्याच्या अंगी उरत होते काय, हे प्रश्न सु. तीन दशके गौण मानले गेले. थकवा हे या दुर्लक्षाचे ठळक उदाहरण होय. रक्तातील क्रिॲटिनिनाप्रमाणे तो प्रयोगशाळेत मोजता येत नाही. त्यामुळे वैद्य त्याविषयी क्वचितच विचारीत आणि पुढे सांगितलेल्या कारणांमुळे रुग्णही तो आपण होऊन सांगत नसत.

प्रारंभीचा काळ : २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथील पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात जोसेफ मरी व त्यांचे सहकारी यांनी रॉनल्ड हेरिक याचे एक मूत्रपिंड त्याचा एकसारखा जुळा भाऊ रिचर्ड याच्या शरीरात बसविले. दीर्घकाळ यशस्वी ठरलेले हे पहिले मूत्रपिंड-प्रतिरोपण. मृत्युपंथाला लागलेला रिचर्ड बरा झाला, शस्त्रक्रियेनंतर आपली शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशी त्याने विवाह केला, त्यांना दोन मुली झाल्या आणि सु. ८ वर्षांनी, १९६३ मध्ये, त्याचे निधन झाले. मूळचा विकार नव्या मूत्रपिंडातही उद्भवला होता. १९५६ मध्ये याच रुग्णालयात एडिथ हेल्म या तरुणीला तिच्या जुळ्या बहिणीचे मूत्रपिंड मिळाले. १९५८ मध्ये तिने मुलाला जन्म दिला व प्रतिरोपणानंतर माता झालेली ती पहिली स्त्री ठरली. ती २०११ पर्यंत जगली.

विवाह, अपत्ये आणि दीर्घायुष्य असलेली ही उदाहरणे वृत्तपत्रांतून जगभर गेली आणि ‘नवा अवयव म्हणजे जुने आयुष्य जसेच्या तसे परत’ अशी समजूत त्यांतून रूढ झाली. परंतु एकाच फलित अंड्यापासून जन्मलेल्या जुळ्यांची ऊतके एकमेकांना परकी नसतात. शरीर नव्या अवयवाचा अव्हेर करीत नाही आणि तो रोखण्यासाठी औषधे घ्यावी लागत नाहीत. पुढील बहुसंख्य रुग्णांना हे भाग्य नव्हते. त्यांच्या थकव्याचा मोठा भाग त्या औषधांशीच निगडित असल्यामुळे जुळ्यांच्या कथांवरून बांधलेल्या अपेक्षा त्यांना लागू पडणाऱ्या नव्हत्या.

औषधे आणि त्यांची किंमत : परक्या अवयवाविरुद्ध उभी ठाकणारी शरीराची प्रतिरक्षा दडपण्याचे पहिले उपयुक्त औषध म्हणजे ॲझाथायोप्रीन. जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले आणि १९६० च्या सुमारास रॉय काल्न यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत त्याची उपयुक्तता दाखविली. १९६३ मध्ये डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल यांनी त्याला प्रेडनिसोन या स्टेरॉइड औषधाची जोड दिली. अव्हेर सुरू झाला, तरी स्टेरॉइडाची मात्रा वाढवून तो परतविता येतो, असे त्यांना आढळले. या जोडीने प्रतिरोपण हा प्रयोग न राहता उपचार झाला.

स्टेरॉइडांच्या मोठ्या मात्रांचे परिणाम मात्र रुग्णाच्या अंगावर स्पष्ट दिसत. चेहरा चंद्राप्रमाणे वाटोळा होई, पोट सुटे, त्वचा पातळ पडून सहज काळीनिळी होई. काहींना मधुमेह जडे, तर काहींच्या मांडीच्या हाडाचे डोके रक्तपुरवठ्याअभावी मृत होऊन चालणेच अवघड होई. थकव्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा परिणाम स्नायूंवर होतो. खांदे, कंबर व मांड्या यांचे स्नायू क्षीण होतात. उकिडवे बसून उठणे, पायऱ्या चढणे, डोक्यावरच्या फळीवरील डबा काढणे यांसारखी कामे जड वाटू लागतात. बेलफास्ट येथे मेरी मॅकगीओन यांनी १९६८ पासून स्टेरॉइडाची लहान मात्रा, दिवसाला २० मिग्रॅ., वापरूनही उत्तम निष्कर्ष मिळविले. ही पद्धत ‘बेलफास्ट पद्धती’ म्हणून ओळखली गेली, तरी अन्य केंद्रांनी ती स्वीकारण्यास बराच काळ घेतला. अवयव गमावण्याचे भय रुग्णाच्या अशक्तपणापेक्षा मोठे मानले जात होते, हेच त्याचे कारण दिसते.

हृदयाचे प्रतिरोपण : ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउन येथील ग्रूटे स्क्यूर रुग्णालयात क्रिस्तिआन बार्नार्ड यांनी लुइस वॉशकान्स्की यांच्यावर केलेली शस्त्रक्रिया सर्वश्रुत आहे. ते १८ दिवस जगले व न्यूमोनियाने दगावले. आयुष्याच्या दृष्टीने अधिक बोधप्रद रुग्ण म्हणजे २ जानेवारी १९६८ रोजी ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, ते दंतवैद्य फिलिप ब्लायबर्ग. ते रुग्णालयातून स्वतःच्या घरी गेले, त्यांनी आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले आणि समुद्रात पोहताना त्यांची घेतलेली छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. ऑगस्ट १९६९ मध्ये, सु. १९ महिन्यांनी, त्यांचे निधन झाले. प्रतिरोपित हृदयाच्या रोहिण्या अव्हेराच्या मंद प्रक्रियेमुळे अरुंद झाल्याचे तेव्हा दिसून आले. समुद्रातील छायाचित्र लोकांच्या लक्षात राहिले. शेवटच्या महिन्यांत खालावत गेलेल्या प्रकृतीचे चित्र तितकेसे राहिले नाही.

बार्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेनंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय-प्रतिरोपण केले. भारतातील हा पहिलाच प्रयत्न होता; रुग्ण काही तासांतच दगावला. त्या एका वर्षात जगात सु. १०० हृदये बसविली गेली व बहुतेक रुग्ण अल्पावधीत मृत्यू पावले. त्यानंतर जवळजवळ सर्व केंद्रांनी हे काम थांबविले. स्टॅनफर्ड येथे नॉर्मन शमवे यांनी ते चिकाटीने चालू ठेवले आणि प्रतिरोपित हृदयाचे दैनंदिन वर्तन कसे असते, याची बरीचशी माहिती तेथूनच मिळाली.

हृदय काढताना त्याला येणारे मज्जातंतू तोडावे लागतात व नव्या शरीरात ते पूर्ववत जुळत नाहीत. काही वर्षांनी ते अंशतः वाढतात इतकेच. त्यामुळे विश्रांतीच्या वेळीही असे हृदय मिनिटाला ९० ते ११० वेळा स्पंदन पावते. निरोगी माणूस चालू लागताच त्याच्या हृदयाला मज्जातंतूंद्वारे तत्काळ सूचना मिळते. प्रतिरोपित हृदय मात्र रक्तातून वाहत येणाऱ्या ॲड्रिनॅलिनाची वाट पाहते. त्याचा वेग काही मिनिटांनी वाढतो आणि श्रम थांबल्यावरही बराच वेळ चढाच राहतो. धावत जाऊन बस पकडणाऱ्या रुग्णाचे पाय प्रथम गळून जातात व नंतर, आसनावर बसल्यावर, छाती धडधडत राहते. ज्याला हे समजावून सांगितलेले नसते, तो नवे हृदय बिघडले अशा भीतीने हालचालच कमी करतो आणि त्यायोगे अधिक दुर्बल होतो. श्रमाआधी हळूहळू चालणे व श्रमानंतर एकदम न थांबणे, हा साधा उपदेश म्हणूनच अशा रुग्णांस महत्त्वाचा ठरतो.

मोजणीचा प्रश्न : रुग्णाची कार्यक्षमता आकड्यांत मांडण्याचे पहिले प्रचलित साधन मुळात कर्करोगाच्या रुग्णांसाठी होते. डेव्हिड कार्नोफ्स्की व त्यांचे सहकारी यांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तयार केलेल्या या मापनश्रेणीत १०० म्हणजे कोणतीही तक्रार नसलेला माणूस व ० म्हणजे मृत्यू. तीत गुण रुग्ण देत नाही, तर वैद्य देतो, ही तिची मोठी उणीव.

१९८५ मध्ये अमेरिकेत रॉजर एव्हन्स व सहकारी यांनी मूत्रपिंडे निकामी झालेल्या ८५९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रतिरोपण झालेल्यांपैकी ७९ टक्के जवळजवळ सर्वसामान्य पातळीवर वावरू शकत होते. अपोहनावर म्हणजे डायालिसिसवर असलेल्यांत हे प्रमाण उपचारप्रकारानुसार ४७ ते ५९ टक्के होते. काम करण्यास समर्थ असलेल्यांचे प्रमाणही प्रतिरोपितांत सु. ७५ टक्के आढळले. प्रतिरोपणाच्या बाजूने हा भक्कम पुरावा होता व तसाच तो वापरला गेला. परंतु त्याच आकड्यांवरून असेही दिसते, की दर पाचांपैकी एक रुग्ण त्या पातळीपर्यंत पोहोचत नव्हता व दर चारांपैकी एक काम करू शकत नव्हता. तुलना अपोहनाशी होती तोवर या उरलेल्यांचा विचार करण्याचे कोणाला कारण पडले नाही.

या तुलनेमागे रक्तक्षयाचाही भाग होता. तांबड्या पेशींच्या निर्मितीला चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे द्रव्य मुख्यतः मूत्रपिंडात तयार होते. अपोहन-यंत्र रक्त शुद्ध करते, पण हे द्रव्य निर्माण करू शकत नाही. म्हणून त्या काळातील अपोहनाचे रुग्ण फिकट व सदैव थकलेले असत आणि नवे मूत्रपिंड काम करू लागताच काही आठवड्यांत त्यांना चैतन्य वाटे. १९८९ मध्ये कृत्रिम रीत्या बनविलेल्या एरिथ्रोपोएटिनास अमेरिकेत मान्यता मिळाली व अपोहनावरील रुग्णांचा थकवाही बराच उणावला. दोहोंमधील हे अंतर कमी झाल्यावर प्रतिरोपणानंतर उरणारा थकवा अधिक उघडा पडला.

याच सुमारास मापनाची साधनेही बदलली. लॉरेन क्रप व सहकारी यांनी १९८९ मध्ये मज्जासंस्थेच्या एका विकारासाठी व ल्युपस या रोगासाठी नऊ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत, हे रुग्णाने स्वतः १ ते ७ या अंकांत सांगावयाचे असते. प्रश्न रुग्णाला विचारला गेल्याबरोबर उत्तर निराळे आले. रॉटरडॅम येथे यकृत-प्रतिरोपण झालेल्या ९६ व्यक्तींची याच प्रश्नावलीने केलेली पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ६६ टक्के व्यक्तींना थकवा व ४४ टक्क्यांना तीव्र थकवा असल्याचे आढळले. शस्त्रक्रियेला एक ते पंधरा वर्षे झालेल्या या व्यक्ती होत्या. म्हणजे हा केवळ शस्त्रक्रियेनंतरचा अशक्तपणा नव्हता. थकवा प्रामुख्याने शारीरिक होता. मनाची उमेद तितकी खालावलेली नव्हती.

कारणे : प्रतिरोपणोत्तर थकव्याला एकच एक कारण नसते. १९८० नंतर प्रचारात आलेल्या सायक्लोस्पोरिनाने व १९९० नंतरच्या टॅक्रोलिमसने स्टेरॉइडांच्या मात्रा कमी करता आल्या व अवयव टिकण्याचे प्रमाण फार सुधारले. परंतु या औषधांनी हातांना कंप सुटतो, रक्तातील मॅग्नेशियम घटते, रक्तदाब वाढतो आणि दीर्घकाळात ती मूत्रपिंडांनाच अपाय करतात. ॲझाथायोप्रीन व मायकोफेनोलेट ही अस्थिमज्जेचे कार्य मंदावतात व रक्तक्षय पुन्हा उद्भवतो. सायटोमेगॅलोव्हायरसासारखे सुप्त विषाणू डोके वर काढतात व त्यांचे पहिले लक्षण कित्येकदा थकवा हेच असते. मंद गतीने चाललेल्या अव्हेराचेही तेच. त्यामुळे नव्याने आलेला किंवा एकाएकी वाढलेला थकवा ‘औषधांमुळे असेल’ म्हणून सोडून देणे धोक्याचे ठरते. त्यात विस्कळित झोप, खिन्नता आणि शस्त्रक्रियेपूर्वी महिनोन्‌महिने अंथरुणावर काढल्यामुळे गेलेली स्नायूंची ताकद यांची भर पडते. शेवटचे कारण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. अवयव नवा असला, तरी त्याला वागविणारे शरीर आजारातून आलेले असते.

मौनाचे कारण : अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रेने फॉक्स व त्यांच्या सहलेखिका जूडिथ स्वेझी यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रतिरोपणाकडे ‘दान’ या दृष्टीने पाहिले. मार्सेल मोस या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाच्या मते दान स्वीकारणाऱ्यावर परतफेडीचे बंधन येते. अवयवाची परतफेड अशक्य असल्यामुळे ग्रहीता कायमचा ऋणात राहतो. या अवस्थेला फॉक्स व स्वेझी यांनी ‘दानाची जुलूमशाही’ असे नाव दिले. ज्याला भावाने मूत्रपिंड दिले वा ज्याच्या छातीत एका मृत तरुणाचे हृदय आहे, त्याने ‘मी थकलो’ असे म्हणावे, हे त्याला स्वतःलाच कृतघ्नपणाचे वाटते. वैद्याने विचारले असता तो ‘बरे आहे’ असेच सांगतो.

हे मौन मोडणारे लेखन विसाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागले. फ्रेंच तत्त्वज्ञ झां-ल्यूक नांसी यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी आपल्यावर झालेल्या हृदय-प्रतिरोपणाविषयी २००० मध्ये ‘घुसखोर’ या अर्थाच्या शीर्षकाचा छोटा ग्रंथ लिहिला. परके हृदय, ते टिकावे म्हणून दुर्बल केलेली स्वतःची प्रतिरक्षा व त्यातून उद्भवलेला कर्करोग या सर्वांनंतर ‘मी’ म्हणजे कोण, असा त्यांचा प्रश्न होता. ते २०२१ पर्यंत जगले. चिलीत जन्मलेले जीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को व्हारेला यांनीही यकृत-प्रतिरोपणानंतरच्या आपल्या अनुभवाचे सूक्ष्म वर्णन केले. २००१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

व्यायाम : ‘विश्रांती घ्या’ हा थकव्यावरील पारंपरिक सल्ला येथे बहुतांशी चुकीचा ठरला. इंग्लंडमधील पोर्ट्‌समथ येथे मॉरिस स्लापाक या शस्त्रक्रियाविशारदांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये प्रतिरोपित व्यक्तींच्या क्रीडास्पर्धा भरल्या व पुढे त्यांना आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. अशा स्पर्धांत उतरणारे मूळचेच धडधाकट असतात, हा आक्षेप रास्त आहे. तथापि १९९९ मध्ये जॉन कोबाशिगावा व सहकारी यांनी लॉस अँजेल्स येथील २७ हृदय-प्रतिरोपितांवर केलेला नियंत्रित प्रयोग सामान्य रुग्णांविषयीचा होता. सहा महिने देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांची कमाल ऑक्सिजन-ग्रहणक्षमता ४९ टक्क्यांनी वाढली. अशी देखरेख नसलेल्यांची १८ टक्क्यांनी. औषधे दोन्ही गटांना सारखीच चालू होती. असे असूनही मार्गदर्शित व्यायाम हा उपचाराचा नियमित भाग म्हणून थोड्याच रुग्णालयांत आढळतो.

भारतातील व महाराष्ट्रातील परिस्थिती : मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मृत दात्याचे मूत्रपिंड बसविण्यात आले, परंतु रुग्ण फार दिवस जगला नाही. १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रतिरोपण यशस्वी झाले. महाराष्ट्राने १९८२ मध्ये मूत्रपिंड-प्रतिरोपणाचा स्वतंत्र कायदा केला होता. १९९४ चा केंद्रीय मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियमही महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांच्या विधिमंडळांनी केलेल्या ठरावांवर आधारलेला असून फेब्रुवारी १९९५ मध्ये तो प्रथम याच राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. या कायद्यांचा भर संमती, मेंदूमृत्यू व अवयवांच्या व्यापारास बंदी यांवर आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याला त्यांत फारसे स्थान नाही.

ते आयुष्य घड्याळाला बांधलेले असते. मुख्य औषध सामान्यतः बारा तासांच्या अंतराने व ठरलेल्या वेळीच घ्यावे लागते. रक्तातील त्याची पातळी मोजावयाची असेल, त्या दिवशी सकाळची मात्रा रक्त दिल्यानंतरच घेतात. उपवास, लग्नसमारंभ, रात्रीचा प्रवास यांपैकी कशाचीही सबब चालत नाही. कच्चे दूध, न शिजविलेली मोडाची कडधान्ये, रस्त्यावरील कापलेली फळे व शंकास्पद पाणी टाळावे लागते. ग्रेपफ्रूटप्रमाणे पपनसही सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस यांची रक्तातील पातळी वाढवू शकते, म्हणून तेही वर्ज्य असते. जिवंत जंतूंच्या लशी देता येत नाहीत. भारतात क्षयरोगाचा धोका पाश्चात्त्य देशांतील रुग्णांहून बराच अधिक असतो व त्यावरील रिफॅम्पिसीन हे औषध नेमके याच औषधांची पातळी खाली आणते. त्यामुळे दीर्घकाळचा ताप व थकवा असलेल्या रुग्णाची चिकित्सा येथे अधिक अवघड होते.

खर्चाचा प्रश्नही थकव्यापासून वेगळा काढता येत नाही. औषधे जन्मभर घ्यावयाची असतात व ती परवडावीत म्हणून रुग्णाला लवकर कामावर परतावे लागते. बैठ्या नोकरीत हे काही महिन्यांत जमते, शेतमजुराला किंवा हमालाला जमत नाही. पैशांअभावी औषधे कमी करणे किंवा सोडणे आणि त्यामुळे अवयव गमावणे, हे भारतात परिचित आहे. संपन्न देशही यातून सुटलेले नाहीत. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने मूत्रपिंडाच्या रुग्णांना सरकारी विम्याचे संरक्षण मिळाले. तथापि वय अथवा अपंगत्व यांमुळे त्यास अन्यथा पात्र नसलेल्यांचे औषधांचे संरक्षण प्रतिरोपणानंतर ३६ महिन्यांनी संपत असे. २०२० मध्ये संमत झालेल्या कायद्याने जानेवारी २०२३ पासून, अन्य विमा नसलेल्यांसाठी, ही मुदत उठविली.

भारतात बहुतेक मूत्रपिंडे जिवंत दात्यांची असतात आणि दात्यांत स्त्रियांचे, विशेषतः आई व पत्नी यांचे, प्रमाण अधिक असते. ग्रहीते मात्र बहुसंख्येने पुरुष असतात. दाती व ग्रहीता एकाच घरात राहतात. ग्रहीत्याच्या गोळ्यांच्या वेळा, वेगळे उकळलेले पाणी, ताजा स्वयंपाक व रुग्णालयाच्या फेऱ्या हे सर्व प्रायः तीच सांभाळते. तिची स्वतःची जखम भरून येण्यासही काही आठवडे लागतात व त्या काळात तिनेही जड वजन उचलावयाचे नसते. ग्रहीत्याच्या थकव्याची विचारपूस अलीकडे होऊ लागली आहे. दात्याच्या थकव्याची नोंद घेण्याची प्रथा मात्र फारच थोड्या ठिकाणी आहे.